एकट्यापुरती पुस्तकं

जहाजावर पुस्तकांचं कपाट असण्याची आता गरज उरलेली नाही, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि चारचौघांत बोलूनही दाखवत होतो. ज्याला वाचायचंय त्यानं आपली पुस्तकं आपण आणावीत. हल्ली तर एका ई-रीडरमध्ये जन्मभर पुरेल एवढं वाचन मावतं. मग कंपनीनं कपाट सांभाळायचं, त्यातली पुस्तकं बदलत राहायची, हा खटाटोप कशासाठी? आज माझं मत याच्या अगदी उलट आहे. ते कशामुळं बदललं, हे सविस्तर लिहावंसं वाटतं. मराठी घरांतली पुष्कळ मुलं आज मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांचा पगार किती, सुट्टी कधी, हे सगळे विचारतात. महिनोन्‌महिने समुद्रावर ती वाचतात काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

मी बल्क कॅरिअरवर चीफ इंजिनिअर आहे. लोखंडाचं खनिज, कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारी ही मोठी जहाजं. समुद्रप्रवास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव आणि दर दोन दिवसांनी नवं शहर येतं. आमचा प्रवास तसा नसतो. ब्राझीलच्या तुबाराँव बंदरात खनिज भरायचं, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा, हिंदी महासागर ओलांडायचा आणि चीनमधल्या चिंगदाओला पोचायचं. अंतर सुमारे ११ हजार सागरी मैल. १२-१३ नॉटच्या वेगानं पाच आठवड्यांहून जास्त लागतात. मध्ये सिंगापूरला इंधन घेतलं तर लांबून शहराचे दिवे दिसतात, तेवढाच जमिनीशी संबंध. चीनला पोचल्यावर धक्का मोकळा नसेल तर नांगर टाकून दिवसच्या दिवस थांबायचं. माल उतरला की रिकामं जहाज घेऊन पुन्हा निघायचं. अधिकाऱ्यांचं कॉन्ट्रॅक्ट साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं, खलाशांचं बहुधा नऊ महिन्यांचं.

इंजिनरूमचं काम सकाळी आठला सुरू होतं आणि सगळं सुरळीत असेल तर संध्याकाळी पाचला संपतं. रात्री इंजिनरूममध्ये कुणी नसतं. काही बिघडलं तर ज्याची पाळी असेल त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. सहाला जेवण. त्यानंतर झोपेपर्यंतचे तीन-चार तास आपले. महिन्याकाठी हे शंभराच्या आसपास तास होतात. घरी असलो की या वेळात बाजार असतो, पाहुणे असतात, मुलांचा अभ्यास असतो. जहाजावर यातलं काहीच नसतं. हे तास नीट गेले तर कॉन्ट्रॅक्ट सुखाचं जातं, नाही गेले तर माणूस आतून खचत जातो. चांगले कसबी लोक कामामुळं नव्हे, या रिकाम्या तासांमुळं नोकरी सोडून गेलेले मी पाहिले आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकं नेण्याचं एक गणितच होतं. खलाशांना विमानात बहुतेक वेळा जादा सामान नेऊ देतात, पण त्यात बॉयलर सूट, सेफ्टी शूज, थंडीचे कपडे आणि घरचं लोणचं-मेतकूट गेलं की उरलेल्या जागेत पुस्तकं बसवायची. जाड पुस्तक आणि बारीक अक्षर हा पहिला निकष. दिवाळी अंकांचा मान वेगळाच. एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, वर्षाचं भविष्य, सगळं असायचं, आणि ते संपलं की आम्ही जाहिरातीही वाचायचो. तरी तिसऱ्या महिन्याच्या आसपास साठा संपायचाच. मग स्मोक रूममधल्या, म्हणजे जहाजावरच्या बैठकीच्या खोलीतल्या, कपाटाकडं पावलं वळायची.

ते कपाट बहुतेक जहाजांवर सारखंच असायचं. जहाज डोललं तरी पुस्तकं खाली येऊ नयेत म्हणून फळ्यांच्या पुढं आडवी लाकडी पट्टी. आत पाठ फुटलेल्या इंग्रजी रहस्यकथा, थोडी रशियन पुस्तकं, बायबलच्या दोन-तीन प्रती, आणि त्यातच कुणीतरी कोंबलेले पंपांचे जुने कॅटलॉग. एका कादंबरीच्या पहिल्या पानावर कुठल्याशा बंदरातल्या सीमेन्स क्लबचा निळा शिक्का होता आणि त्याखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत जहाजांची नावं होती. कुणी पेन्सिलनं, कुणी बॉलपेननं, एकानं इंजिनच्या भागांवर खुणा करायच्या जाड मार्करनं. कडेला तेलाच्या अंगठ्याचा ठसा. ती कादंबरी मी दोन रात्रींत वाचत आणली आणि शेवटची पानंच नाहीत असं लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला, तर सेकंड मेटनं तीच कादंबरी दुसऱ्या जहाजावर पुरी वाचलेली निघाली. त्यानं शेवट सांगितला. तो पटण्यासारखा आहे की नाही यावर टेबलावर बराच वेळ वाद झाला, आणि ज्यांनी ती वाचली नव्हती तेही त्यात पडले. त्या वेळी मला ही गंमत वाटली होती, तिच्यामागचं महत्त्व लक्षात आलं नव्हतं.

मग ई-रीडर आला. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉननं किंडलवर मराठी पुस्तकं आणली आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. निघण्याआधी आठवडाभर बसून पुस्तकं भरून घ्यायची. ई साहित्य प्रतिष्ठानासारख्या संस्था तर मराठी पुस्तकं वाचकांना मोफत देतात. उपकरणाचं वजन एखाद्या वहीएवढं, बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते, वाचायला इंटरनेट लागत नाही, आणि चाळिशी लागल्यावर अक्षर मोठं करून घेता येतं. तिसऱ्या महिन्यातला तो दुष्काळ कायमचा संपला. त्यातूनच माझं मत पक्कं झालं. एका जहाजावर खलाशांनी व्यायामाची सायकल मागितली आणि ठेवायला जागा नव्हती, तेव्हा कपाट काढून टाकावं असं मीच सुचवलं. कुणाची हरकत नव्हती.

या मताला माझ्या मनात आदर्शही होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून शीड उभारलं आणि २२ एप्रिल १९६९ रोजी ते तिथंच परतले. कुठंही न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. त्यांची ‘सुहेली’ ही होडी मुंबईत सागवानी लाकडातून बांधलेली, म्हणून आम्हा मुंबईकरांना तिचा वेगळा अभिमान. ३१२ दिवस एकटं राहायचं म्हणून त्यांनी पुस्तकांचाही साठा बरोबर घेतला होता. त्यांच्या आधी जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या छोट्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेही मोठे वाचक. सामोआत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या पत्नीनं, फॅनी स्टीव्हन्सन यांनी, दिवंगत पतीच्या संग्रहातली नौकानयनाची पुस्तकं त्यांना भेट दिली होती. लांबच्या प्रवासात पुरेल एवढं वाचन आपलं आपण जमवणारी ही माणसं. मला वाटायचं, दर्यावर्दी असावा तर असा. पण ती एकटी होती. माझ्या जहाजावर वीस-बावीस माणसं असतात. हा फरक मी कधी हिशेबातच धरला नव्हता. तो मला दाखवला एका वायपरनं.

इंजिनरूममधला सगळ्यांत खालच्या हुद्द्याचा माणूस म्हणजे वायपर. साफसफाई, तेल पुसणं, सांगितलं ते काम. हा मुलगा गुहागरकडचा, पहिल्याच जहाजावर आलेला. २०२० साल होतं, करोनाचं. बंदरं बंद, विमानं बंद, आमची जागा घ्यायला रिलीव्हर येत नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं दिला होता, आम्ही त्यांतलेच. एका संध्याकाळी तो मुलगा माझ्या केबिनच्या दाराशी आला. दोन-तीनदा येऊन परत गेला असावा, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. म्हणाला, “साहेब, वाचायला मराठीत काय असलं तर द्या ना. घरून आणलेली दोन्ही पुस्तकं पाठ झाली.”

माझ्या टेबलावरच्या त्या पातळ उपकरणात तेव्हा शेकडो मराठी पुस्तकं होती. त्याला त्यातलं एकही देता येत नव्हतं. द्यायचं तर सगळीच द्यावी लागणार होती, आणि मग माझ्या हातात काहीच उरणार नव्हतं. कागदाची पाच पुस्तकं पाच माणसं एकाच वेळी वाचू शकतात. माझी शेकडो पुस्तकं एका वेळी एकालाच वाचता येत होती. इतकी साधी गोष्ट, पण ती तोपर्यंत मला सुचलीच नव्हती.

आम्ही वाटणी केली. जेवणानंतर साडेआठपर्यंत ई-रीडर त्याच्याकडं, मग माझ्याकडं. चार-पाच दिवस बरं चाललं. मग मालवणचे मोटरमन एका रविवारी विचारायला आले. वयानं माझ्याहून मोठे. त्यांना वाचायला हवं होतं, पण ते यंत्र हाताळायला ते अवघडत होते. ‘पान कुठं दाबायचं’ हे पुन्हापुन्हा विचारावं लागतं म्हणून त्यांनी दोन दिवसांत ते परत केलं. मी खूप आग्रह केला. “राहू दे साहेब, तुमची वस्तू, काय झालं तर,” असं म्हणून त्यांनी हात जोडले. साहेबाची महागाची वस्तू वापरायची म्हणजे मनावर दडपण येतं. कपाटातलं पुस्तक कुणाच्याच मालकीचं नसतं, म्हणून ते कुणीही निर्धास्तपणे उचलतो.

त्याच जहाजावर फिलिपिनो खलाशी आमच्याहून जास्त होते. त्यांच्याकडं टागालोगमधल्या खिशात मावतील अशा प्रेमकथा होत्या. स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठं. येताना प्रत्येकानं दोन-चार आणलेल्या, आणि सगळ्या मेसच्या एका फळीवर जमा. कूकनं वाचलेली कथा बोसन वाचायचा, बोसनची फिटर. नाश्त्याला त्यावरून चिडवाचिडवी चालायची, नायिकेचं चुकलं की बरोबर यावर दोन तट पडायचे. अडकून पडल्याचा ताण त्यांच्यावरही होताच. पण संध्याकाळी ते एकत्र दिसायचे. आम्ही तिघं मराठी, एका ई-रीडरच्या वेळापत्रकात आपापल्या केबिनमध्ये. साहित्याची प्रत तोलायची तर माझ्या उपकरणात अभिजात कादंबऱ्या होत्या. जहाजाच्या दृष्टीनं त्यांची फळीच आमच्याहून सरस होती, हे मला त्या काही महिन्यांत पुरतं पटलं.

मग मी या विषयाचा जरा मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की जुन्या लोकांनी हे कधीच ओळखलं होतं. डार्विन ज्या ‘बीगल’वरून २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाला आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतला, त्या जहाजावर सुमारे चारशे ग्रंथांचा संग्रह होता. तो त्याच्याच केबिनमध्ये ठेवलेला असे, पण जहाजावरच्या अधिकाऱ्यांनाही त्यातली पुस्तकं मिळत. लायलच्या भूशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याला कॅप्टन फिट्झरॉय यांनी दिला. दुसरा खंड वाटेत माँटेव्हिडिओला टपालानं येऊन मिळाला. पुढं जगाचा विचार बदलणारा तो तरुण पाच वर्षांच्या प्रवासात जे वाचू शकला, त्यात दुसऱ्यांनी जमवलेल्या पुस्तकांचा मोठा वाटा होता.

साध्या खलाशांसाठीही असेच प्रयत्न झाले. अमेरिकन सीमेन्स फ्रेंड सोसायटी १८५९ च्या सुमारापासून जहाजांवर चाळीसेक पुस्तकांच्या लाकडी पेट्या देऊ लागली. प्रत्येक पेटीला क्रमांक असे, आणि वाचून झालेली पेटी देऊन दुसरी घेता येई. ब्रिटनमध्ये १९१९ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी खलाशांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, तिचंही मुख्य काम जहाजांना ग्रंथसंग्रह पुरवणं हेच होतं. ‘ज्याचं त्यानं आणावं’ असं या लोकांना म्हणता आलं असतं. त्यांनी तसं म्हटलं नाही.

आजच्या नियमांतही ही जाण आहे. खलाशांच्या हक्कांची सनद मानला जाणारा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा करार २००६ मध्ये झाला, २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारतानं २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की करमणुकीच्या सोयींत निदान पुस्तकांचं कपाट आणि वाचण्या-लिहिण्याची सोय असावी. ग्रंथालय असेल तर त्यातला साठा प्रवासाच्या मुदतीला पुरेल एवढा असावा आणि ठरावीक काळानं बदलावा. सक्तीचा नियम आणि मार्गदर्शक सूचना यांत फरक असतो, हे मला ठाऊक आहे. तपासणीला आलेले अधिकारी स्वयंपाकघर, शीतगृह, विश्रांतीच्या तासांच्या नोंदी बारकाईनं पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण कपाटात काय आहे, कुठल्या भाषेत आहे, शेवटचं कधी बदललं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

यावर आजच्या तरुणांचं म्हणणं असतं की आता जहाजावर इंटरनेट आलंय. २०२२ पासून स्टारलिंकसारख्या सेवा व्यापारी जहाजांवर पोचू लागल्या, आणि त्याच करारातल्या, डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनं खलाशांच्या इंटरनेट सोयीवर भर दिला. मी याचं मनापासून स्वागत करतो. बाळ पहिल्यांदा उभं राहिलेलं बाप समुद्रावरून पाहू शकतो, याहून मोठं सुख नाही. पण कित्येक जहाजांवर महिन्याचा डेटा ठरलेला असतो आणि तो पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो. शिल्लक असतो तेव्हा जो तो फोन घेऊन केबिनचं दार लावून बसतो. जेवण झाल्याबरोबर स्मोक रूम रिकामी. फोन घराशी जोडतो; शेजारच्या केबिनमधल्या माणसाशी जोडायला दुसरं काहीतरी लागतं. कॅरम, टेबल टेनिस हे करतात. पुस्तकांचं कपाट हेही करतं, शिवाय माणसाला एकटं बसायचं असेल तेव्हाही साथ देतं.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. लांबच्या प्रवासाला वाचन पुरेसं आहे की नाही, हे एका माणसाच्या सामानावरून ठरवू नये. अख्ख्या जहाजाकडं पाहून ठरवावं. हुद्द्यानं सगळ्यांत खालच्या माणसाला त्याच्या भाषेतलं, कुणाकडं हात न पसरता, उचलून नेता येईल असं पुस्तक मिळतं का, ही त्याची कसोटी. कपाटात खलाशी ज्या भाषा बोलतात त्या भाषांतली पुस्तकं हवीत. कॅटलॉग आणि कालबाह्य मॅन्युअल बाहेर काढायला हवेत. कपाटाला कुलूप नको. ड्राय डॉकला किंवा मोठ्या बंदरात गेलं की निम्मी पुस्तकं बदलावीत. पुष्कळ बंदरांतल्या सीमेन्स क्लबमध्ये देवघेवीची पुस्तकं असतात, कॅप्टननं फक्त एक पिशवी भरून माणूस पाठवायचा. खर्च म्हणाल तर इंजिनच्या एखाद्या फिल्टरपेक्षाही कमी. ई-रीडर मी आजही नेतो आणि नेत राहीन. पण आता माझ्या बॅगेत जहाजासाठी म्हणून कागदाची चार-पाच मराठी पुस्तकं वेगळी असतात आणि उतरताना ती कपाटातच राहतात.

आपल्याकडं यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. वाचकांच्या गटांना पुस्तकांची पेटी द्यायची आणि ठरावीक काळानं ती दुसऱ्या गटाशी बदलायची, ही त्यातली पद्धत. ती परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचली. भारतीय खलाशी पुरवणाऱ्या कंपन्यांची कितीतरी कार्यालयं मुंबईत आहेत. जहाजावर निघालेली मुलं कागदपत्रांसाठी तिथं येतातच. त्या कार्यालयांत अशी एक पेटी ठेवली आणि जाणाऱ्यानं त्यातली दोन पुस्तकं जहाजाच्या कपाटासाठी न्यायची एवढी पद्धत पाडली, तरी वर्षा-दोन वर्षांत शेकडो जहाजांवर मराठी पुस्तकं पोचतील. खलाशांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

आणि एक विनंती वाचकांना. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून आपण दरवर्षी दिवाळी अंक घेतो, वाचतो, आणि होळीच्या आत रद्दीत घालतो. तुमच्या घरातलं, नात्यातलं, शेजारचं कुणी जहाजावर निघालं असेल, तर त्यातले दोन अंक त्याच्या बॅगेत घाला. वाचून झाल्यावर ते परत आणू नकोस, जहाजाच्या कपाटात ठेव, आणि तिथं कपाट नसेल तर कॅप्टनकडं माग, एवढं त्याला आवर्जून सांगा.